नीळ दिलेला मास्क

माय, तुला सांगायची एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती मास्कची आहे. कापसाच्या जिनिंगमध्ये जाताना तू जो पांढरा मास्क लावायचीस, तो माझ्यामुळे बिघडला. तुला हे कळलं नाही, बाबांना आजही माहीत नाही, आणि मला स्वतःला कळलं तेव्हा तुला जाऊन तीन वर्षं झाली होती. आता तर त्यालाही बरीच वर्षं झाली. इतक्या उशिरा सांगून काय होते, असं तू म्हणशील आणि लगेच विचारशील, ‘जेवली का?’ जेवले. रविवारची दुपार आहे. बाबा जेवून आडवे झालेत, मी भांडी आवरून इथेच ओट्याजवळ पाट घेऊन बसले आहे. घरात टेबल आहे, खुर्ची आहे, पण तुझ्याशी बोलायचं तर मला स्वयंपाकघरच लागतं.

मी काय काम करते हे ऐकून तुला हसू येईल. मी खामगावला राहते आणि जिल्हाभर फिरून जिनिंगमध्ये, डाळ मिलमध्ये, गिट्टीच्या खदानीवर कामगारांना मास्क शिकवते. कुठला घ्यायचा, कसा लावायचा, कधी फेकायचा. कोणाला सांगितलं की तो आधी माझ्याकडे बघतो आणि मग म्हणतो, ‘आता मास्क लावाले बी शिकवा लागते काय?’ लागतं, माय. तू गेल्यावर एक मोठी साथ आली, गावंच्या गावं मास्क लावून फिरली, पण हनुवटीला लावून. रोग हनुवटीतूनच शिरतो असं कोणीतरी दवंडी पिटून सांगितलं होतं जणू. मेहकरच्या स्टँडवर मी एक गृहस्थ पाहिले. त्यांना शिंक आली तसा त्यांनी मास्क खाली ओढला, समोरच्या बाईच्या अंगावर निवांत शिंकले आणि मास्क परत वर केला. मास्क खराब होऊ नये म्हणून! मला इतका राग आला की मी जाऊन त्यांना दोन शब्द ऐकवले. ते म्हणाले, ‘म्याडम, नवाच हाय, आजच घेतला.’ तर अशा लोकांना मी शिकवते. धुळीचा मास्क वेगळा, औषधाच्या वासाचा वेगळा. फवारणीला धुळीचा मास्क लावून जाल तर वास सरळ आत येईल, त्याला दोन्ही गालांवर डब्या असलेला मास्क लागतो. दवाखान्यातला तो पातळ निळा मास्क आपली थुंकी दुसऱ्यावर उडू नये म्हणून असतो, गालाजवळच्या फटीतून त्यात धूळ सुखानं ये-जा करते. दाढी असेल तर काढा, नाहीतर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही. आणि बायांना सांगते, मास्क पदराच्या आत, कातडीला लागून. पदरावरून लावलेला मास्क नुसता पदर धरून ठेवतो. हे सगळं मी फार चांगलं सांगते, लोक म्हणतात. मी कधी चिडते, कधी टिंगल करते, पण शेवटी सगळ्यांना लावता येतो.

तुला मात्र अशा वर्गाची गरज नव्हती. एकदा ऐकून तू ते आपलं आपण शिकलीस, हे मला आज कळतं आणि म्हणून जास्त लागतं. जळगाव जामोदच्या त्या जिनिंगमध्ये तू माझ्या जन्माच्या आधीपासून जात होतीस. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की होळीपर्यंत तू आमची उरायची नाहीस. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे एका ओळीत धडधडत असायचे आणि तुम्ही बाया टोपल्यांनी कापूस आणून त्यांच्या तोंडाशी लोटायच्या. लहानपणी मी एकदा डबा द्यायला आले होते. दारातून आत बघितलं तर मला माणसं दिसेनात, नुसतं पांढुरकं काहीतरी तरंगत होतं आणि त्यातून तू बाहेर आलीस, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. मला वाटलं तू म्हातारी झालीस. मी रडायला लागले आणि तू हसून हसून खोकलीस. त्या खोकल्याचं तेव्हा कोणाला काही वाटायचं नाही. बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद असायचं, आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलीस की संध्याकाळी तुझी छाती आवळायची. तू म्हणायचीस, ‘एक दिवस घरी बसलं की आंग फुकट्याचं होते. कामाले लागलं की कुरकुर करते.’ एक दिवस सुट्टी झाली की नंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, ही कापसाच्या धुळीच्या दुखण्याची खूणच असते, हे मी पुढे कोर्सला शिकले. तेव्हा आमच्या लेखी तो तुझा आळस होता, तुझ्याही लेखी.

मी नववीत होते त्या वर्षी सरकारी दवाखान्यात एक नवी डॉक्टरीण बाई आली. तू बाबांसाठी औषध आणायला गेली होतीस, तर तिनं तुझाच खोकला ऐकून तुलाच तपासलं. कुठं काम करता, किती वर्षं, कोणत्या दिवशी जास्त दम लागतो, असं एकेक विचारलं. इतक्या वर्षांत तुला हे कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तू घरी येऊन तिचेच गोडवे गात होतीस. तिच्याकडे कुठल्याशा साथीसाठी आलेल्या मास्कचा खोका पडून होता. त्यातला एक तिनं तुला दिला. वाटीसारखा फुगीर, पांढरा, मागे दोन रबरी पट्ट्या, नाकावर पत्र्याची बारीक पट्टी. तिनं सांगितलं होतं ते तू जसंच्या तसं आम्हाला सांगितलंस: एक पट्टी टाळूवर, एक मानेवर, नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबायची, श्वास ओढायला जड वाटू लागला की फेकायचा आणि दवाखान्यात येऊन दुसरा न्यायचा. तिनं असंही सांगितलं होतं की दुसरा मागायला लाजायचं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी तू जे केलंस ते मी माझ्या वर्गांत कधी सांगितलं नाही, ते फक्त माझं आहे. तू चूल पेटवलीस, तवा ठेवलास आणि त्यावर मूठभर वाळल्या लाल मिरच्या टाकल्यास. बाबा ओरडले, ‘आता काऊन भाजते मिरच्या? मारतं का लेकराले?’ तू मास्क लावलास, नाकावर दाबलास, आणि तव्याशी मांडी घालून बसलीस. आम्ही दोघं ठसके देत अंगणात पळालो. बाबांच्या डोळ्यांतून पाणी, माझ्या नाकातून पाणी, शेजारची म्हातारी दारात येऊन शिव्या घालते आहे, आणि मी दारातून वाकून बघते तर तू धुरात बसून मिरच्या परतते आहेस, डोळे लालभडक, पण खोकला नाही. एकदाही नाही. मग तू मास्क जरा गालावरून सैल केलास, लगेच ठसका आला, परत दाबलास, ठसका थांबला. तू बाहेर आलीस ती हसतच. म्हणालीस, ‘खरं सांगत होती बाई. हा चांगला हाय. पन फट नाई पाह्यजे.’ आज आम्ही हीच परीक्षा घेतो, माय. डोक्यावर एक टोप घालतात, आत कडू औषधाचा फवारा मारतात आणि विचारतात, चव लागली का? त्याला इंग्रजी नाव आहे, त्याचं प्रमाणपत्र मिळतं. तू ती तव्यावर घेतली होतीस.

तो हिवाळा चांगला गेला. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तू घरी यायचीस आणि बसून न राहता सरळ भाकरी थापायला घ्यायचीस. सात-आठ दिवसांनी मास्क बाहेरून तपकिरी, मग जवळजवळ काळा व्हायचा, आणि तू जाऊन दुसरा आणायचीस. जिनिंगमधल्या बाया तुला हसायच्या, ‘आली डॉक्टरीन’ म्हणायच्या. तुला त्याचं काही नव्हतं. एकदा जुना मास्क टाकायच्या आधी तू मला जवळ बोलावून दाखवलास. बाहेरची बाजू मातीसारखी आणि आतली पांढरी. म्हणालीस, ‘पाय पोरी, हे इतकं माह्या छातीत जात होतं.’ आणि बोटानं ती काळी बाजू अशी चोळलीस, एखाद्या गुणी लेकराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी. म्हणजे तुला ठाऊक होतं. मास्क मळला म्हणजे त्यानं आपलं काम केलं, हे जिल्ह्यात कोणाला ठाऊक नसेल तेव्हा तुला ठाऊक होतं. हे मी पुन्हा पुन्हा लिहिते आहे कारण पुढे मला याचीच गरज लागणार आहे.

मग ती शाळेची दुपार. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर पालकांची सही लागत होती आणि शेवटचा दिवस होता. बाबा बाजार समितीत हमालीला, त्यांना निरोप पोचला नाही, म्हणून तू जेवणाच्या सुट्टीत जिनिंगमधून तशीच आलीस. केसांत कापूस, अंगावर कामाची साडी, आणि गळ्यात तो मास्क, आठ दिवसांचा, काळा. काढून पिशवीत टाकायचं तुझ्या ध्यानातही आलं नसेल. वर्गाच्या दारात उभी राहून तू मला हाक मारलीस. मुली बघायला लागल्या. मागच्या बाकावरची एक हळूच म्हणाली, ‘तुह्या मायच्या गळ्यात ते काय व्हय वं? बैलाचं मुसकं?’ आणि चार जणी खिदळल्या. तू ऐकलंस की नाही मला माहीत नाही. तू सही केलीस, सावकाश, एकेक अक्षर, सरांना हात जोडलेस आणि गेलीस. तू पाठ फिरवलीस तेव्हा मला तुझ्या मागे यावंसं वाटलं नाही. मला जमिनीत जावंसं वाटलं.

संध्याकाळी मी काय बोलले ते तुला आठवत असेल तर देव जाणे. देव आपण मानत नाही, पण सवयीनं तोंडात येतं. तू दारात चप्पल काढत होतीस. मी म्हटलं, ‘असा मळका मास्क घालून काऊन आली शायेत? कुत्र्यानं तोंड पुसलं असं दिसते ते. तूच सांगतं ना आमाले, फाटकं चालते, मळकं चालत नाई म्हणून? मंग तुह्या तोंडावरचं धुता येत नाई तुले?’ तू माझ्याकडे बघितलंस. माय, मी तुझ्याच शब्दांनी तुला मारलं. आपल्या घरात साबण संपला तर तू शेजारून मागून आणायचीस, पण आम्हाला मळक्या कपड्यात उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायची नाहीस. ‘लोकायनं आपल्याले घान म्हणू नये, याच्यासाठी बाबासायबानं सारा जन्म खर्ची घातला,’ असं तू वेणी घालताना म्हणायचीस, आणि केस ओढले गेले म्हणून मी कुरकुरले तर आणखी ओढायचीस. चौदा एप्रिलला तुझी पांढरी साडी वस्तीत उठून दिसायची. नीळ देण्यात तुझा हात कोणी धरायचं नाही, किती थेंब, किती पाणी, किती वेळ. त्या तुला मी मळकी म्हटलं. तू एवढंच बोललीस, ‘बरं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघते तर तारेवर कपड्यांच्या शेवटी तो मास्क वाळत घातलेला. साबणानं घासून, दोन पाण्यात खळबळून, नीळ देऊन. पत्र्याची पट्टी तू बोटांनी परत सरळ केली होतीस. नव्या मास्कपेक्षा तो पांढरा दिसत होता. मी खूश झाले. तुला म्हटलं, ‘आता कसा मस्त दिसते!’ तुझ्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मला दिसतं आहे, मी शाळेची दोन बक्षिसं आणली तेव्हा आलं होतं तसं. त्यानंतर तू रोज कामावरून आलीस की आधी मास्क धुवायचीस, मग हातपाय. रोज नीळ. दवाखान्यात दुसरा आणायला जाणं बंद झालं. मी एकदा विचारलंही, तर म्हणालीस, ‘नवा कायले पाह्यजे? हा पाय कसा बगळ्यावानी हाय. उद्या शायेत याचं काम पडलं तर?’ शाळेत यायचं काम पडलं तर! तुझी छाती राहिली बाजूला. हंगाम संपेपर्यंत तू तो एकच मास्क वापरलास आणि पुढच्या हंगामालाही तोच काढलास, साडीत गुंडाळून ठेवलेला. डॉक्टरीण बाईची तोवर बदली झाली होती. बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा दम परत आला. तू म्हणालीस थंडी आहे, आम्ही म्हटलं थंडी आहे. पुढे तो दम बाजाराच्या दिवसाची वाट बघेनासा झाला, रोजच लागायला लागला, आणि मग उन्हाळ्यातही.

बुलडाण्याच्या मोठ्या दवाखान्यात तुला नेलं तेव्हा मी कॉलेजला होते. छातीचा फोटो काढला, फुंकायच्या नळीत तू फुंकलंस. डॉक्टरांनी विचारलं, ‘मास्क वापरत होतात का?’ तू खाटेवर उठून बसलीस. दोन शब्दांत तीनदा दम लागत होता तुला, तरी तू ते वाक्य पुरं केलंस, ‘हो सायेब. रोज लावत होतो. रोज धुऊन लावत होतो.’ किती तोऱ्यात सांगितलंस. डॉक्टर कागदावर लिहीत राहिले. मलाही तुझा अभिमान वाटला, माझी माय किती टापटिपीची म्हणून. चार महिन्यांनी तू गेलीस.

अमरावतीला सुरक्षेच्या कोर्सला होते तेव्हा आमच्या शिक्षकांनी वर्गात दोन मास्क आणले. एक नवा आणि एक साबणाच्या पाण्यात धुवून वाळवलेला. दिसायला दोन्ही सारखे. यंत्र लावून दाखवलं, नव्यातून धूळ जात नव्हती, धुतलेल्यातून जात होती. ते म्हणाले, या कापडाच्या धाग्यांत बारीक धूळ ओढून धरायची एक वीज भरलेली असते, साबणाच्या पाण्यानं ती जाते. धुतलेला मास्क म्हणजे फक्त देखणा रुमाल. पोरं हसली. मीही आधी हसले बहुतेक. मग मला तार दिसली, कपड्यांच्या शेवटचा मास्क दिसला, आणि मी उठून नळावर गेले आणि नळ सोडून तिथेच उभी राहिले. एकीनं येऊन नळ बंद केला. मी तिला म्हटलं पित्त झालंय.

तेव्हापासून मी स्वतःची समजूत घालते आहे. माझ्या कामात जे माहीत असायला हवं ते सगळं मला माहीत आहे. मास्क मिळायच्या आधी वीस वर्षं तू ती धूळ ओढली होतीस. जिनिंगच्या मालकानं धूळ ओढून घेणारे पंखे बसवायला हवे होते, मास्क तर सगळ्यात शेवटचा उपाय. डॉक्टरीण बाईनं ‘धुवायचा नाही’ असं सांगायला हवं होतं, ते तिच्याकडून राहिलं. हे मी दुसऱ्या कोणाला सांगते तेव्हा ते पटतं. पण तो एक हिवाळा होता ना, माय. तू बरी होत होतीस. कामावरून येऊन भाकरी थापत होतीस. ते मी डोळ्यांनी बघितलं आहे आणि ते कुठल्याच समजुतीत बसत नाही. बाबा अजून कौतुकानं सांगतात, ‘तुही माय मास्कले बी नीळ देत होती.’ मी हूं म्हणते आणि उठून जाते.

आता परवाचं सांगते, कारण परवाचं झालं नसतं तर मी लिहायला बसलेच नसते. पिंपळगाव राजाच्या रस्त्याला एक जिनिंग आहे, तिथे माझा वर्ग होता. पंचवीसेक बाया, सरकीच्या ढिगाजवळ सतरंजी टाकून. निम्म्यांनी मास्क पदरावरून बांधलेले. एकीनं दोन्ही पट्ट्या मानेवरच घेतलेल्या, कारण वरच्या पट्टीनं अंबाडा मोडतो. मी म्हटलं, ‘अंबाडा सांभाळायचा की फुप्फुस?’ तर ती म्हणाली, ‘म्याडम, फुप्फुस कोनाले दिसते?’ सगळ्या हसल्या, मीही हसले. असे वर्ग मला आवडतात. मग मी सगळ्यांकडून लावून घेतले, दोन्ही हात मास्कवर धरून जोरात फुंकायला लावलं, डोळ्यांकडे वारा आला की पट्टी परत दाबा. जमलं सगळ्यांना. आणि मग कंपाउंडच्या तारेवर मला एक मास्क वाळत घातलेला दिसला. पांढराफेक. कोणाचा म्हणून विचारलं, तर एक काळीसावळी, चाळिशीची बाई लाजत उठली. ‘माहा हाय. रोज धुतो मी. घरी मळका घेऊन गेलं की पोरगी नाक मुरडते.’

मास्क का धुवायचा नाही हे मी सांगितलं, विजेचं सांगितलं, मळलेला मास्क चांगला कसा ते सांगितलं. आणि मग नेहमी सांगते ती गोष्ट सांगितली. जळगावकडची एक बाई होती, तिला चांगला मास्क मिळाला होता, ती तो रोज धुवायची, नीळ द्यायची, आणि शेवटी छातीच्या दुखण्यानं गेली. ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेन. ती ऐकून बाया मास्क धुणं सोडतात, म्हणून सांगते. ती बाई कोण हे कधी सांगत नाही. पण त्या दिवशी ती काळीसावळी खाली बसलीच नाही. तिनं विचारलं, ‘पन म्याडम, तिले कोन सांगतलं होतं धुवाले?’

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला खरंच उत्तर हवं होतं, कारण तिच्या घरी एक पोरगी आहे. मी खरं बोलले असते तर तिनं घरी जाऊन त्या पोरीला सांगितलं असतं, आणि ती पोरगी वाचली असती, माझ्यासारखी झाली नसती. माझ्या तोंडात शब्द आले होते. ‘तिच्या पोरीनं’, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, ‘कोणी नाही. तिच्या मनानंच धुवायची. अडाणी होती बिचारी.’

बाया हळहळल्या. एकीनं कपाळाला हात लावला. ती काळीसावळी म्हणाली, ‘अडानी मानसाचं असंच होते बाई,’ आणि खाली बसली. मी पुढचा मुद्दा घेतला.

हे सगळं बाबांना वाचून दाखवायचं असं मी सकाळी ठरवलं होतं. दाखवणार नाही. पुढच्या महिन्यात त्या जिनिंगमध्ये मला परत जायचं आहे, तेव्हा त्या बाईला बाजूला घेऊन खरं सांगेन असं आत्ता वाटतं आहे, पण मला माझी खात्री नाही. तुला अडाणी म्हटलं याचं वाईट वाटलं म्हणून लिहायला बसले, असंच मी लिहिणार होते. ते खरं नाही. वाईट घरी आल्यावर वाटलं. तिथे, त्या बाया तुझ्यासाठी हळहळत होत्या तेव्हा, मला फार हलकं वाटलं होतं, माय.